गावपळणीतली पाती

पुरावा हवा तेव्हा नेमका हातात आला, की प्रेमलताबाईंच्या मनात पाल चुकचुकायची. छत्तीस वर्षं मुंबईच्या हायकोर्टात पेटंटचे दावे लढवून ही खोड अंगात मुरली होती, निवृत्त होऊन आचऱ्याच्या घरी राहायला आल्यावरही सुटली नव्हती. म्हणून शेजारच्या कट्टा गावचा गणपत त्या सकाळी ओटीवर चढता चढता म्हणाला, "आत्ये, पुरावो गावलो," तेव्हा त्यांनी आनंद मानायच्या आधी चष्मा शोधला.

गणपत म्हणजे त्यांची शेजारीण हौसाबाई हिच्या बहिणीचा मुलगा. कट्ट्याच्या बाजारात, एस.टी. थांब्याच्या मागे त्याचं वर्कशॉप. काजूच्या बिया फोडायचं, पायाने चालवायचं एक यंत्र त्याने बनवलं होतं. त्यातल्या दोन वाकड्या पात्यांच्या मागे स्प्रिंगा होत्या. बी लहान असो की मोठी, पाती आपोआप तेवढीच उघडत आणि आतला गर अख्खा बाहेर पडे. आचऱ्यापासून बांद्यापर्यंत साठेक घरांत बायका हे यंत्र चालवत होत्या. आणि आता बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने दावा लावला होता, की पात्यांची ही रचना आमची, तिचं पेटंट आमच्या नावावर, गणपतने ती चोरली, त्याचं वर्कशॉप बंद करा.

पेटंट मिळतं ते नव्या गोष्टीला. कंपनीने अर्ज केला त्या तारखेच्या आधी तेच यंत्र चारचौघांदेखत चाललेलं असेल, तर ते नवं राहत नाही आणि पेटंट कोसळतं. कंपनीचा अर्ज फेब्रुवारीतला होता. गणपतच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडलेला व्हिडिओ त्याच्या आदल्या डिसेंबरातला. अडीच मिनिटांच्या त्या व्हिडिओत हौसाबाई पायाखालचा पायटा मारत होती, पात्यांतून पांढरे गर खाली सुपात पडत होते आणि भोवती माणसं हसत-बोलत होती. मालवणच्या एका वकिलाने त्यावरून हौसाबाईचं प्रतिज्ञापत्रही लिहून ठेवलं होतं, अजून दाखल व्हायचं होतं. 'आचरा येथील माझ्या राहत्या घराच्या खळ्यात हे यंत्र मी सर्वांसमक्ष चालवले.' कोर्टाने साक्ष नोंदवायला एक कमिशनर नेमला होता. तो पंधरा दिवसांनी मालवणला येणार होता. त्याच्यापुढे ही साक्ष टिकली तर वर्कशॉप वाचणार होतं, नाहीतर टाळं लागणार होतं.

"तू वकीलपत्र घी," गणपत म्हणाला. "आता काय कठीण नाय."

काय कठीण नाय असं पक्षकार म्हणाला की नेमकं काय कठीण आहे ते बाई शोधायला लागत. ऐंशीच्या सुमाराला त्या फोर्टातल्या एका चेंबरमध्ये शिरल्या तेव्हा पेटंटचे दावे वर्षाला दोन-चार यायचे. पंप, रंगांची रसायनं, शिलाई मशीनची सुई. एका बाईला यंत्रातलं काय कळणार म्हणून पक्षकार त्यांच्यासमोर बसून सीनियरची वाट बघत. मग फ्रिजचे कॉम्प्रेसर आले, टीव्हीचे डबे आले, मोबाइलच्या चिप आल्या, आणि बाईंसाठी लोक व्हरांड्यात थांबायला लागले. यंत्रं बदलली, पण खोटं बोलायच्या तऱ्हा त्याच राहिल्या. रंगाच्या एका कारखानदाराने आपला शोध जुना ठरवायला प्रयोगांची वही कोर्टात आणली होती. पानं चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली, नोंदी चौऱ्याण्णव सालच्या. बाईंनी वही उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर दुकानदाराचा शिक्का होता आणि त्यात टेलिफोन नंबर आठ आकडी. चौऱ्याण्णवला मुंबईत सात आकडी नंबर होते. त्या दिवसापासून त्या कुठलाही कागद आधी उलटा करून बघत.

गणपत गेल्यावर त्यांनी व्हिडिओची तारीख कागदावर लिहिली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. ती तारीख त्यांना ओळखीची वाटत होती. चहा निवला तेव्हा आठवलं. ते गावपळणीचे दिवस होते.

दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं आचरं तीन दिवस, तीन रात्री गाव सोडतं. चुली विझवून, घरांना कड्या घालून, गुरं-वासरं, कुत्री-मांजरं, कोंबड्या, म्हातारीकोतारी सगळी घेऊन माणसं शिवेबाहेर झावळ्यांच्या खोपी बांधून राहतात. गावात चिटपाखरू उरत नाही, आणि मुदत संपायच्या आत जो शिवेआत पाऊल टाकेल त्याच्यावर देव कोपतो असं मानतात. लहानपणी बाईंना त्याच दिवसांची ओढ असे. खाडीच्या कडेला उघड्यावर शिजलेला भात, बायांच्या फुगड्या, शेजारच्या खोपीतलं भजन, आणि आयुष्यात कधी न बोललेली दोन भांडखोर घरं एकाच पातेल्यातली पेज पिताना. त्या वर्षीही त्या मुद्दाम मुंबईहून आल्या होत्या. पहिली रात्र शिवेबाहेर चुलतभावाच्या खोपीत काढून दुसऱ्या दुपारच्या गाडीने परत गेल्या.

व्हिडिओ होता तिसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी हौसाबाईच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, माणूस सोडा, कोंबडीसुद्धा असणं शक्य नव्हतं.

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली. त्या आठवड्यात त्यांचा टीव्हीच्या डब्यांचा दावा बोर्डावर, कोर्टाच्या यादीत, होता. पुढची तारीख मागायला त्यांनी आपली ज्युनियर सलोनी हिला उभं केलं होतं. कारण काय, असं न्यायमूर्तींनी विचारल्यावर सलोनीने गावपळणीची हकिकत सांगितली आणि सगळं कोर्ट हसलं होतं. ती सलोनी आता मोठ्या फर्ममध्ये होती आणि कंपनीचं वकीलपत्र तिचंच होतं. बाईंनीच तिला कागद उलटा करून बघायला शिकवलं होतं. ती तारीख सलोनी विसरली असेल यावर पैज लावायची बाईंची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणपतला बोलावून घेतलं. तारीख कशी काय, असं विचारताच तो मोबाइलच्या काचेवरची धूळ पुसायला लागला. खळ्यातच होतं, तो म्हणाला. मोबाइलची तारीख चुकली असेल, मग म्हणाला. मग म्हणाला, मावशीला विचार. एका प्रश्नाची तीन उत्तरं. बाईंनी वकीलपत्राचा कागद कोरा परत केला आणि मोबाइल तेवढा ठेवून घेतला.

मोबाइल त्यांनी मुंबईच्या ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठवला. त्यांचा अंदाज सरळ होता. तारीख मागाहून बदललेली असणार, गणपत खोटारडा ठरणार आणि आपण या भानगडीतून मोकळ्या होणार. चार दिवसांनी तज्ज्ञाचा फोन आला. तारखेला कोणी हात लावलेला नव्हता. व्हिडिओ त्याच दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घेतलेला होता.

म्हणजे तारीख खरी होती आणि जागा खोटी.

बाई कुंपणापाशी गेल्या. हौसाबाई पलीकडे केरसुणीने पाचोळा लोटत होती. दोघी एकाच बाकावर शिकलेल्या. हौसा सातवीनंतर शाळा सोडून मासळीच्या पाटीखाली गेली, प्रेमा मुंबईला मामाकडे, एवढाच फरक. बाईंनी नुसतं विचारलं, व्हिडिओ कुठे काढला.

"कागदार लिवलेला वाचूक येता मा तुका?" हौसाबाई म्हणाली. "मगे माका कित्याक इचारतंस?"

"कागदावरचं खरं नाही म्हणून."

"लोकांचो संशय घेवन घेवन तुझे डोळे बिघडले गो प्रेमा. डागतराक दाखय."

आणि ती केरसुणी तिथेच टाकून आत गेली. संध्याकाळी तिच्याकडून येणारी माशांची वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

आता बाईंना चैन पडेना. साक्ष खोटी असती तर त्यांना समजलं असतं. पण तारीख खरी असताना जागा खोटी सांगायची कशाला? खळ्यात घेतला असेल तर या दोघांनी गावपळण मोडून, रिकाम्या गावात शिरून यंत्र चालवलं होतं. पण मग भोवती हसणारी ती माणसं कोण? सगळीच गावपळण मोडणारी? त्यांनी आपल्या मोबाइलवर उतरवून घेतलेला व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी यंत्राकडे न बघता. कडेला एका गाईचे पुढचे पाय दिसत होते. एकदा कोंबडा आरवला. वरच्या कोपऱ्यात पाण्याची एक पट्टी चमकत होती. अनवाणी पायांच्या गर्दीत एका जोडीला बूट होते, जाड तळव्याचे, दोरीचे. गावपळण बघायला बाहेरची माणसं हल्ली येतात, फोटो काढतात. हा त्यातलाच कोणी, की मुद्दाम यंत्र बघायला आलेला? यंत्र कंपनीपर्यंत गेलं ते याच पायांनी? बाईंनी तो प्रश्न मनातच ठेवला. नुसत्या बुटांवरून कोणावर आरोप करणाऱ्या वकिलांचं कोर्टात काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

दुपारी त्यांनी रिक्षा केली आणि शिवेबाहेर, खाडीच्या काठी, जिथे दर गावपळणीला हौसाबाईच्या वाडीच्या खोपी पडतात तिथे गेल्या. चार वाजून दहा मिनिटं होईपर्यंत उन्हात थांबल्या. रिक्षावाला दोनदा विचारून गेला, बाय, बरां वाटता मा? मग पाण्याची पट्टी चमकली. तशीच, त्याच कोपऱ्यात.

यंत्र गावात चाललंच नव्हतं. ते खोपीसमोर चाललं होतं, निम्म्या गावादेखत. आणि हे तर हजारपट चांगलं होतं. गावपळणीत कोणाला काम नसतं, जो तो जे चाललंय ते बघत बसतो. याहून उघड्यावर यंत्र चालवायला गणपतला मुंबईचं मैदान भाड्याने घ्यावं लागलं असतं. मग एवढी चांगली गोष्ट ही माणसं लपवत का होती?

त्या सरळ हौसाबाईच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाटावर बसल्या.

"खाडीच्या कडेला चाललं यंत्र," त्या म्हणाल्या. "मी जागा बघून आले. तू खळं का सांगितलंस, ते मला कळल्याशिवाय मी उठणार नाही."

हौसाबाईने सुकटीचं सूप पुढे ओढलं आणि डोकी मोडायला घेतली. मग बोलली ती थांबून थांबून. गणपत कट्ट्याचा, त्याला आचऱ्याची गावपळण लागू नव्हती. यंत्राचा सांगाडा त्याने टेम्पोत घालून खोपीपर्यंत आणला. दोन वर्षं चाललेली त्याची खटपट त्या दिवशी पुरी होणार होती. पण पाती नव्हती. पात्यांची ती जोडी त्याने महिनाभर आधी मावशीकडे ठेवली होती. चुलीजवळच्या कपाटात, फडक्यात गुंडाळून. निघायच्या घाईत ती तिथेच राहिली.

"झिलाचा तोंड बघवला नाय," हौसाबाई म्हणाली. "दुपारची सगळी निजल्यार गेलंय."

"गावात?"

"गावात. एकटी. कडी काढलंय, पाती घेतलंय, कडी घातलंय. वाटेर पानसुद्धा हालत नाय होता. माझ्याच पावलांचो आवाज माझ्या मागसून येय होतो." तिने मोडलेली डोकी एका बाजूला सारली. "फुडच्या पावसात बाबली गेलो."

बाबली म्हणजे तिचा नवरा. होडी किनाऱ्याला लावून घरी आला, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेला. डॉक्टरांनी हृदय म्हटलं होतं. हौसाबाईने डॉक्टरांना काही म्हटलं नव्हतं, कोणालाच काही म्हटलं नव्हतं. एवढी वर्षं ती स्वतःवरच खटला चालवत होती आणि त्यात तिच्या बाजूने वकील नव्हता.

खोपीपुढे यंत्र चाललं असं सांगितलं की पाती कुठून आली हे कोणीतरी विचारणार, म्हणून तिने गणपतला खळं लिहायला लावलं होतं. तारखेचं काय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कागदावरची इंग्रजी तारीख त्यांच्या लेखी एक आकडा होती. गावपळण त्यांना तिथीने ठाऊक होती.

बाईंना रस्ता दिसत होता. खोपीपुढे यंत्र चाललं एवढंच लिहायचं, पात्यांचा उल्लेख गाळायचा. मुंबईत असत्या तर त्यांनी तेच केलं असतं. पण दावा पात्यांचाच होता. त्या पलीकडच्या खुर्चीत असत्या तर पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला असता, की त्या दिवसापर्यंत ही पाती कुठे होती. तो प्रश्न सलोनीला त्यांनीच शिकवला होता. हौसाबाई शपथ घेऊन खोटं बोलणार नाही आणि खरं बोलताना अडखळली तर सगळीच साक्ष खोटी वाटेल, हेही त्यांना कळत होतं.

त्यांनी तसं सांगितलं. वर्कशॉप गेलं तर जाऊ दे, असंही सांगितलं. ते मनापासून होतं की साक्षीदाराला वळवायचा जुना डाव होता, हे त्यांचं त्यांनाही त्या क्षणी सांगता आलं नसतं.

हौसाबाईने विचार करायला एक दिवस घेतला. दुसऱ्या सकाळी ती कुंपणापाशी आली.

"सांगतंय. पण कोर्टाच्या आधी देवाक सांगूक व्हया. आणि देवाक सांगायचां तर सगळ्यांच्या म्होरां."

तेव्हा उरले होते चार दिवस. देवळात गाऱ्हाणं घालणारे रामचंद्र हे गावातले मानकरी, ऐंशीच्या घरातले. बाईंना त्यांची धास्ती होती. या माणसाने एक वाक्य वाकडं उच्चारलं तर हौसाबाईला गावात तोंड दाखवता येणार नव्हतं. आणि कंपनीच्या माणसांनी त्यांच्या कानाला लागून काही पेरलं नसेलच कशावरून? गेल्या महिन्यात पाहुणे म्हणून दोघे मुंबईकर त्यांच्याकडे उतरले होते, हे बाईंनी दुकानात ऐकलं होतं.

रामचंद्रांनी हौसाबाईचं सगळं ऐकून घेतलं. नारळ हातात घेऊन देवापुढे उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. बारा-पाचाच्या देवा महाराजा, तुझ्या ह्या लेकराकडून चूक घडली, ती पोटात घाल. मागे उभ्या असलेल्या लोकांनी 'होय महाराजा' म्हटलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. दोन बाया मध्येच उठून गेल्या, त्यातली एक हौसाबाईची जाऊ होती. नारळ फुटल्यावर रामचंद्र बाईंकडे वळले आणि शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तसे बोलले. त्या दिवशी यंत्र मीही पाहिलं आहे, पायटाही मारून बघितला होता. माझं नाव साक्षीदारांत घाला. पाहुणे बाहेरगावी राहणारा पुतण्या आणि त्याचा मित्र निघाले. बाईंनी तेही नंतर गुपचूप दुसरीकडून पडताळून घेतलं.

नवं प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि वकीलपत्रावर सही केली.

कमिशनर मालवणला एका सभागृहात बसला. सलोनी काळ्या कोटात आली, वाकून नमस्कार केला, मॅडम तब्येत कशी आहे विचारलं, आणि फाइल उघडली. फाइलच्या पहिल्याच पानावर टीव्हीच्या डब्यांच्या दाव्याच्या त्या जुन्या बोर्डाची प्रत बाईंना लांबूनही दिसली. त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

पण यंत्र गावात चाललं असं साक्षीदार म्हणाला तरच तो कागद उपयोगाचा होता. नव्या प्रतिज्ञापत्रात खळं नव्हतं, खोप होती. सलोनीने ते पान शांतपणे मिटलं आणि हौसाबाईकडे वळली.

"हौसाबाई, ही पाती त्या दिवसापर्यंत कुठे होती?"

"माझ्या घरात."

"आचऱ्यात? पण गाव तर बंद होतं. मग ती खोपीपर्यंत आली कशी?"

"मी जावन आणलंय."

हे उत्तर सलोनीच्या कागदावर नव्हतं. तिने बाईंकडे एकदा पाहिलं, यात काहीतरी शिकवलेलं आहे अशा नजरेने. मग आवाज चढवून म्हणाली, गावपळण मोडणं हा तुमच्याकडे केवढा गुन्हा मानतात हे मला माहीत आहे. गावातला कोणीही माणूस तसं करत नाही. भाच्याचं वर्कशॉप वाचवायला ही गोष्ट तुम्ही रचली नाही, यावर आम्ही विश्वास का ठेवावा?

हौसाबाईने पदर सारखा केला.

"बाय, माका खोटां सांगूचां असतां तर सोप्पां सांगलं असतंय. सोप्पां लिवन पण झालेला होता. ह्यां सांगल्यापासून माझी जाव माझ्याकडे बोलणा नाय."

कमिशनरने ते मराठीत नीट करून घेतलं आणि टंकलेखकाला सांगितलं. सलोनीने पेन टोपणात घातलं. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं. तिच्या शेजारी बसलेला कंपनीचा माणूस तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता आणि ती मान हलवत नव्हती. इतकी वर्षं शेजारी बसवलेल्या पोरीची ती गप्प मान बाईंना पुरती वाचता येत होती. महिनाभरात तडजोडीचा निरोप येणार आणि कट्ट्याचं वर्कशॉप चालू राहणार, हे त्यांनी तिथेच ओळखलं. गणपतला मात्र काही सांगितलं नाही. निरोप कागदावर येऊन त्यावर सही झालेली बघेपर्यंत त्या कोणाला काही सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

साक्षीचे कागद हौसाबाईपुढे आले. इथे सही करा, टंकलेखक म्हणाला. तिने पेन हातात घेतलं, कागद जवळ धरला, लांब धरला, आणि पेन पुन्हा टेबलावर ठेवलं.

"आधी वाचून दाखवा," ती कमिशनरला म्हणाली.

त्याने तिन्ही पानं वाचून दाखवली. बाहेर रामचंद्र आपल्या पाळीची वाट बघत बाकावर बसले होते.

"आता परत एकदा," हौसाबाई म्हणाली. "सावकाश."